वरातीची घोडी ठरवताना तिचे तोंड, पाठ आणि खूर पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अक्षय्य तृतीयेपासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत विदर्भातल्या गावोगावी लग्नांची झुंबड असते. मांडव, आचारी, बँड, डीजे आणि घोडी यांची ठरवाठरवी एकाच आठवड्यात उरकली जाते. आचाऱ्याला दहा प्रश्न विचारले जातात. घोडीवाल्याला दोनच विचारतात : घोडी पांढरी आहे ना, आणि नाचते ना? वरातीच्या घोड्यांच्या पुष्कळशा यातना या दोन प्रश्नांपासून सुरू होतात. आम्ही अश्वपालन आणि पशुवैद्यक या क्षेत्रांत काम करणारी मंडळी आहोत. घोडी भाड्याने आणणाऱ्या घरांनी काय पाहावे, घोडीवाल्यांनी काय बदलावे आणि पशुसंवर्धन खात्याने कुठे हात द्यावा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी नाचण्याविषयी. घोडी वाजंत्रीवर आपखुशीने नाचत नाही. पुढचे पाय आळीपाळीने उचलायला लावताना तिला आखूड बांधतात, नडगीवर काठीचे टोले देतात आणि लगामाला झटके देतात. ढोल वाजला की टोला बसतो हे एकदा तिच्या डोक्यात पक्के झाले की पुढे नुसत्या आवाजानेच ती पाय आपटू लागते. दोन पायांवर उभी राहणारी, खाटेवर चढणारी घोडी याच रीतीने तयार होते. मागच्या पायांवर सगळे वजन पुन्हा पुन्हा घेतल्याने मागचे सांधे आणि कंबर लवकर झिजते. आमच्या मते ही मागणीच बंद झाली पाहिजे. घोडी शांतपणे चालत आली तरी नवरदेवाची शोभा तसूभरही कमी होत नाही.

नाचवण्यासाठी जो लगाम वापरतात त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो तोंडात असतो. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाची सळई तिथेच बसते. त्या जागी हाडावर पातळ कातडीखेरीज काही नसते. सळई गुळगुळीत आणि जाड असेल तर तिचा दाब पसरतो. काटे, दाते किंवा पीळ दिलेली तार असेल तर एका झटक्यात कातडी फाटते, जीभ चिरते आणि वारंवार झाले तर खालचे हाडही दुखावते. तोंडातून गुलाबी फेस येत असेल, घोडी मान सारखी झटकत असेल, जीभ एका बाजूला बाहेर काढत असेल किंवा लगाम घालताना तोंड वर पळवत असेल, तर आत जखम आहे असे समजावे.

लग्नघरातल्या कोणालाही ही तपासणी दोन मिनिटांत करता येते. घोडीवाल्याला लगाम काढून हातात द्यायला सांगा. सळईवरून बोट फिरवा. बोटाला टोचली तर तोंडालाही टोचणारच. सळईची जाडी साधारण करंगळीएवढी हवी, १२ मिलिमीटरहून कमी नको. लगाम चढवल्यावर ओठांच्या कोपऱ्यात एखादीच सुरकुती पडावी. तीन-चार सुरकुत्या पडल्या तर पट्टा आखूड आहे. नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज जायला हवीत. मग ओठांचे कोपरे हलकेच उचलून पाहा. ताजी चीर, जुना घट्टा किंवा तिथली त्वचा पांढरी पडलेली दिसली, तर ती घोडी घेऊ नका आणि कारण स्पष्ट सांगा. काटेरी लगामावर बंदी नवी नाही. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांतच काटे, गाठी किंवा टोके असलेला लगाम, काठी किंवा साज वापरायला मनाई आहे. ती पाळली जात नाही, कारण विचारणारे कोणी नाही.

पांढऱ्या रंगाच्या हट्टाचेही परिणाम होतात. वरातीसाठी ज्यांना जास्त मागणी असते त्या नुकरा घोड्यांची कातडी गुलाबी असते. नाकपुड्यांभोवती, डोळ्यांच्या कडांना आणि ओठांवर त्यांना ऊन भाजते. तिथे खपल्या धरतात, त्यावर माशा बसतात, पुढे जखम चिघळते. असा घोडा दुपारी उघड्यावर बांधणे चूकच. बांधावाच लागला तर नाकावर जस्ताचे मलम जाडसर लावावे. घोडी लाल किंवा काळी असली तरी वरात तितकीच देखणी दिसते, आणि तिला ऊनही कमी भाजते.

आता वजन. अंगावरचे ओझे घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावे, असा जगभरातल्या जाणकारांचा ढोबळ ठोकताळा आहे. आपल्याकडे घोडे तोलायला काटा मिळत नाही, पण शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन. घेर १५५ आणि लांबी १५० असेल तर घोडी सुमारे ३०० किलोची झाली. तिने ६० किलो वाहावे. त्यात खोगीर, मखमली झूल, पितळी साज आणि छत्री मिळून दहा-बारा किलो सहज होतात. म्हणजे ७० किलोचा नवरदेव बसला की मर्यादा आधीच ओलांडली, आणि त्याच्या पुढे करवला बसवला की सगळेच बिघडले.

यातून वाट निघते. नवरदेव एकटाच बसावा. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतचे शेवटचे अर्धा-एक किलोमीटर घोडीवरून जावे, तेही चालीने. वीस-पंचवीस मिनिटांत पोचता येईल एवढेच अंतर ठेवावे. वऱ्हाडी मंडळी चौकात तासभर नाचणार असतील तर नवरदेवाने खाली उतरावे. उभ्या घोडीवर बसून राहणे तिला चालण्यापेक्षा जड जाते, कारण पाठीचा तोच भाग सलग दाबला जातो आणि तिथले रक्त अडते. अंतर एवढे थोडे असले तरी नवरदेवाचे वजन ८० किलोच्या वर असेल तर मोटारीने जावे, यात कमीपणा कसला? घोडीवर चढताना पार, ओटा किंवा खुर्ची वापरावी. जमिनीवरून एका रिकिबीत पाय देऊन लटकले की खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि पाठीच्या कण्याला पीळ बसतो.

खोगिराच्या जखमा दोन ठिकाणी होतात : मानेच्या बुडाशी असलेल्या उंच हाडावर आणि तंगाखाली (खोगीर आवळायच्या पोटपट्ट्याखाली), कोपरामागे. खोगीर ठेवल्यावर पाठीच्या मधल्या रेषेवर ते टेकता कामा नये. समोरून पाहिले तर कण्याच्या वर उजेड दिसला पाहिजे. खाली घालायचे पांघरूण सुती, जाड आणि दर वरातीनंतर धुतलेले हवे. घामाचे मीठ वाळून कडक झालेले पांघरूण कातडी सोलते. तंग एकदम आवळू नये. आधी सैल, मग चार पावले चालवून, मग पुन्हा एक छिद्र पुढे, अशा दोन-तीन टप्प्यांत आवळावा. जखम झालीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दोन सपाट लहान चमचे मीठ घालून त्याने धुवावी आणि ती पूर्ण भरून केस येईपर्यंत त्या पाठीवर काहीही ठेवू नये. खेड्यांत अशा जखमेवर इंजिनाचे जळके ऑईल किंवा रॉकेल ओततात. त्याने भोवतालची चांगली कातडीही जळते. जखमेत अळ्या दिसल्या तर घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना बोलवावे. धनगरांच्या तांड्याबरोबर बिऱ्हाड वाहणाऱ्या तट्टांच्या पाठीही अशाच जखमी झालेल्या दिसतात. तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझे लादू नये, हे त्याच १९६५ च्या नियमांत लिहिलेले आहे.

सगळ्यांत गंभीर विषय उन्हाचा. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि नेमके तेव्हाच मुहूर्त असतात. पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावराकडून गाडी ओढवून घेऊ नये वा ओझे वाहवून घेऊ नये, दिवसभरात नऊ तासांहून जास्त आणि सलग पाच तासांहून जास्त काम देऊ नये, असे १९६५ चे तेच नियम सांगतात. वरातीलाही हाच दंडक लावावा. आमच्या मते एप्रिल-मे महिन्यांत घोडी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतरच बाहेर काढावी. मुहूर्त दुपारचा असेल तर तिला आणूच नये.

घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड करतो. पण त्याच्या घामात मीठ फार जाते, रक्तात असते त्याहूनही जास्त. त्यामुळे शरीर सुकत असूनही त्याला कधी कधी तहानच लागत नाही. तो पाणी पीत नाही म्हणजे त्याला नको आहे, असा अर्थ काढू नये. ३०० किलोच्या घोड्याला थंडीत, आरामात असताना रोज १५ ते २० लिटर पाणी पुरते. उन्हाळ्यात काम असेल तर ४० ते ५० लिटर लागते, म्हणजे पंधरा लिटरच्या तीन-साडेतीन बादल्या. दाण्यात रोज दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, खडेमीठ कुटून घालावे, घाम गाळण्याच्या दिवशी त्याच्या दुप्पट. मिठाबरोबर साधे पाणी कायम समोर हवे, नाहीतर उलटाच त्रास होतो. घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, ही जुनी समजूत सोडून द्यावी. वरात थांबताच सावलीत नेऊन पाणी पाजावे. फार तापलेला असेल तर थोडे थोडे, दर पाच मिनिटांनी, पण रोखून धरू नये.

ऊन लागल्याची खूण लवकर ओळखता येते. निवांत घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणावे. चालून आल्यावर ती वाढते, पण दहा-पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतर साठाच्या आसपास उतरायला हवी. खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडा. ती दोन सेकंदांत सपाट झाली नाही तर पाणी कमी पडले आहे. हिरडी बोटाने दाबा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. नाकपुड्या फुगलेल्या, श्वास उथळ आणि जलद, पाय अडखळणारे, आणि एवढ्या उन्हातही अंग कोरडे असेल तर एक क्षणही दवडू नये. साज आणि झूल उतरवून सावलीत न्यावे आणि साऱ्या अंगावर, विशेषतः मान, छाती आणि मांड्यांच्या आतून, सतत पाणी ओतत राहावे. ओले पोते किंवा चादर टाकून ठेवू नये. ते काही मिनिटांत गरम होते आणि आतली उष्णता कोंडते. गुदद्वारातले तापमान ४० अंशांच्या वर असेल तर पाणी ओतत असतानाच डॉक्टरांना फोन करावा.

मखमल, टिकल्या आणि जरीच्या झुलीबद्दलही येथेच सांगतो. मे महिन्यात ती घाम सुकू देत नाही. पातळ सुती झूल शिवून घ्यावी. आणि वरातीची वाट पाहत असताना खोगीर चढवून ठेवू नये. नवरदेव तयार झाल्यावर दहा मिनिटांत खोगीर चढते.

आवाज आणि उजेड यांकडे वळू. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते. कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या थेट मागे मात्र दिसत नाही. त्याच दोन जागी लोक सुतळी बॉम्ब लावतात आणि मुले शेपटी ओढतात. बिथरलेली घोडी लाथ मारते तेव्हा दोष तिच्या माथी येतो. डीजेची गाडी घोडीपासून निदान पन्नास फूट पुढे असावी, घोडीच्या मागे स्पीकर नसावा, फटाके ती पुढे निघून गेल्यावरच उडवावेत. लुकलुकणारे दिवे तिच्या तोंडावर मारू नयेत. दिवेवाल्यांच्या तारा जनरेटरपासून जमिनीवरून लोळत नेतात. लोखंडी नाल असलेला पाय ओल्या जमिनीवर उघड्या तारेवर पडला तर तिला विजेचा धक्का बसतो. तारा एका बाजूने बांधून घ्याव्यात, जोड चिकटपट्टीने झाकावेत. मुलांना सांगावे की घोडीकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे, मागून कधीच नाही.

पंगतीतली बुंदी, जिलबी, भात, पुरी घोडीला प्रेमाने भरवणारे पुष्कळ असतात. हे प्रेम तिच्या जिवावर बेतू शकते. घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि घोड्याला उलटी होत नाही. एकदम पिठूळ-गोड पोटात गेले की आतड्यात आंबते, वायू धरतो, पोटशूळ उठतो. त्यातून वाचली तरी दोन-तीन दिवसांत खुरांच्या आतल्या थरांना सूज येऊ शकते. तेव्हा घोडी पुढचे पाय पुढे टाकून, अंग मागे झुकवून उभी राहते, खूर गरम लागतात, वळायला नकार देते. हा आजार वेळेत आवरला नाही तर खुरातले हाड सरकते आणि घोडी कायमची लंगडी होते. भरवायचेच असेल तर मूठभर भिजवलेला हरभरा किंवा हिरवे गवत द्यावे.

पोटशूळ ओळखायच्या खुणा : कुशीकडे वळून वळून पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, लघवीला बसल्यासारखे अंग ताणणे, लोळणे, लीद बंद होणे. चारा काढून घ्यावा, लोळत असेल तर सावकाश फिरवावे आणि डॉक्टरांना बोलवावे. नळकांड्याने किंवा बाटलीने तेल, हिंगाचे पाणी, काढा पाजू नये. बैलाला जे चालून जाते ते घोड्याला फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया करते. पोटात औषध घालायचे तर नाकातून नळी घालून, तेही डॉक्टरांनीच. नाडी ६० च्या वर टिकून असेल तर वाट पाहू नये.

रोजच्या खुराकात आपल्याकडे सगळ्यांत जास्त चुका कुटाराने, म्हणजे भुसकटाने, होतात. सोयाबीनचे कुटार ताठ, धुळकट आणि पचायला जड असते. एकट्या त्याच्यावर घोडे ठेवले तर आतड्यात गोळा अडकतो. तुरीचे किंवा हरभऱ्याचे कुटार त्यापेक्षा बरे, पण तेही एकूण चाऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त नको. पाया ज्वारीच्या कडब्याचा आणि गवताचा असावा. ३०० किलोच्या घोड्याला रोज सुमारे सहा किलो सुका चारा, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, लागतो. तो चार-पाच वेळा विभागून द्यावा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. तो मोकळा असला तर दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो, ते याचसाठी. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा चारा टाकून मधे दाव्याला उपाशी ठेवले की जठराला व्रण पडतात. वरातीला निघण्यापूर्वी किलोभर कडबा किंवा गवत खाऊ घालावे. रिकाम्या पोटी चालताना आम्ल हिंदकळून वरच्या नाजूक भागाला लागते.

चंदीचा भरडलेला दाणा किंवा भिजवलेला हरभरा एका वेळी एक किलोपेक्षा जास्त देऊ नये. नुसता गव्हाचा कोंडा महिनोन्‌महिने देऊ नये, त्याने हाडांतले कॅल्शियम कमी होते. सरकीची ढेप घोड्याचा खुराक नव्हे. कोंबड्यांचे खाद्य आणि गाईंसाठीच्या काही मिश्रणांत मोनेन्सिनसारखे औषध असते, ते घोड्याच्या हृदयाला मारते. थोडेही चालत नाही. कोंबडीपालनाच्या शेडशेजारी घोडे बांधणाऱ्यांनी पोती कुलपात ठेवावीत. बुरशी आलेला कडबा वाळवून देखील वापरू नये. कपाशीवर फवारणी झाली की त्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) घोडे चरायला सोडू नये. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांपासून आणि कण्हेर, घाणेरीपासून लांब ठेवावे. चारा बदलायचा तर सात ते दहा दिवसांत हळूहळू.

आषाढी एकादशीला मुहूर्त थांबतात आणि घोडीवाल्याची कमाईही थांबते. मग चार महिने घोडी गोठ्याच्या कडेला बांधलेली राहते, चारा अर्धा होतो, नालबंदाला कोणी बोलावत नाही. तुळशी विवाह लागला की तीच घोडी एका दिवशी तीन वरातींना उभी केली जाते. आमच्या मते उन्हाळ्यापेक्षाही या चार महिन्यांची हेळसांड जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. काम बंद झाल्यावर चंदी निम्मी करणे बरोबर आहे. आरामात पूर्ण दाणा खाऊन अचानक काम लागले तर पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. पण चारा मात्र कमी करू नये. बरगड्या हाताला लागाव्यात, लांबून मोजता येऊ नयेत, ही साधी कसोटी. हंगामाच्या सहा आठवडे आधी रोज दोनदा वीस मिनिटे चालवण्यापासून सुरुवात करून हळूहळू वेळ वाढवावी.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल खुरात घट्ट बसतो. नाल निखळते, तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग कुजतो, काळा दुर्गंधी स्राव येतो. बांधायची जागा मुरमाची सहा इंचांची भर घालून उंच आणि उताराची करावी. रोज खूर खरवडून साफ करावेत. कुजल्याची सुरुवात दिसली तर धुऊन, कोरडे करून मोरचुदाचे पाच टक्क्यांचे पाणी किंवा पोव्हिडोन आयोडीन लावावे. काम नसेल तर पावसाळ्यात नाल काढून ठेवणे उत्तम. काम असेल तेव्हा दर सहा आठवड्यांनी नाल बदलावी, घासली नसली तरी, कारण खूर वाढत असतो. विदर्भात नालबंद बहुतेक बैलांचे. तयार नाल घेऊन खूर तिच्या मापाला कापणे ही त्यामुळे होणारी नेहमीची चूक. नाल खुराच्या मापाला वाकवायची असते. खिळा खुराच्या भिंतीच्या बाहेरच्या कडक थरातून जाऊन नालेच्या वर पाऊण इंचावर बाहेर यावा. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत लंगडली तर खिळा जिवंत भागाला लागला असे धरून तो काढावा आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. घोडा धनुर्वाताला फार हळवा असतो. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या आणि नंतर दरवर्षी एक, एवढ्यावर तो वाचतो. पावसाळ्यानंतर ताप येतो-जातो, घोडी खंगते, पोटाखाली आणि पायांना सूज येते, तर सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार असू शकतो. तो चावऱ्या माशांमुळे पसरतो. रक्त तपासून घ्यावे. नाकातून चिकट पिवळा स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सची शंका घेऊन घोडा वेगळा बांधावा, कारण हा रोग माणसालाही होतो. अशा रोगाची खबर देणे जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने बंधनकारक आहे.

एका गावाहून दुसऱ्या गावी छोट्या टेम्पोतून घोडी नेताना फळीचा उतार वापरावा, तळाशी चार-सहा इंच कुटार अंथरावे, दर तीन-चार तासांनी थांबून पाणी द्यावे. रात्री चालत परतणाऱ्या घोडीच्या चारही पायांना आणि शेपटीला चकाकणारी पट्टी बांधावी. ती काही रुपयांत मिळते.

कायद्याचा धाक कमी आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला आजही दहा ते पन्नास रुपये दंड आहे. जनावर ठार किंवा पंगू केले तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून आम्ही पोलिसांपेक्षा लग्नघरांकडे आशेने पाहतो. घोडीवाला दिवसाला तीन वराती घेतो, कारण प्रत्येक घर भाड्यात घासाघीस करते. एकाच वरातीचे पुरते पैसे द्या आणि बदल्यात चार अटी लिहून घ्या : गुळगुळीत लगाम, एकच स्वार, संध्याकाळची वेळ, पाणी आणि सावली. मंगल कार्यालयांनीही बारा बाय बारा फुटांची सावली आणि पाण्याचा एक हौद घोडीसाठी राखून ठेवावा.

शासनाकडे आमच्या मागण्या मर्यादित आहेत. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने प्रत्येक तालुक्यात वर्षातून दोनदा, तुळशी विवाहाच्या महिनाभर आधी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, घोड्यांसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे. त्यात दातांच्या टोकदार कडा घासणे, जंतनाशक, धनुर्वात आणि रेबीजची लस, सर्रा व ग्लँडर्ससाठी रक्तनमुने आणि खुरांची तपासणी व्हावी. १९६२ या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाकडे घोड्याच्या मापाची जठरनळी असावी. नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने बैलांच्या नालबंदांना घोड्याची नालबंदी शिकवणारा आठवडाभराचा वर्ग सुरू करावा आणि शिकलेल्यांची तालुकावार यादी दवाखान्यांच्या भिंतीवर लावावी. यातले पहिले शिबिर यंदाच्या तुळशी विवाहाआधीच घेतले जावे, ही विनंती.

आपले,
विदर्भातील काही अश्वपालक व पशुवैद्यक